क्यूशूचा रेल्वेप्रवास : आधी मार्ग निवडावा, मग गाडी

तोक्यो, क्योतो आणि फुजी पर्वत ही जपानची पहिली फेरी उरकलेली मराठी कुटुंबे दुसऱ्या खेपेस नैर्ऋत्येकडील क्यूशू बेटाचा विचार करू लागतात. तेथील सुशोभित पर्यटनगाड्यांची छायाचित्रे पाहून ती मोहून जातात. मग पास कोणता घ्यावा, आरक्षण केव्हा करावे, कोणती गाडी कोणत्या वारी धावते, अतिवृष्टीने मार्ग बंद पडला तर पैसे परत मिळतात की नाही, अशा प्रश्नांच्या गुंत्यात सापडून अखेर एखाद्या प्रवासी कंपनीच्या बसगाडीत जाऊन बसतात. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत हेच प्रश्न फिरून फिरून येत असल्यामुळे त्यांचा एकत्रित खुलासा येथे करीत आहोत.

आरंभीच एक मत स्पष्टपणे मांडतो, कारण पुढील बहुतेक सल्ला त्यावरच उभा आहे. खिडकीतून दिसणारा देखावा हा मार्गाचा असतो, गाडीचा नसतो. ज्या रुळांवरून लाकडी सजावटीची, नामांकित, महिनाभर आधी भरून जाणारी गाडी धावते, त्याच रुळांवरून दोन डब्यांची साधी गाडीही धावते. तोच ज्वालामुखी आणि तोच समुद्र तिच्या खिडकीतूनही दिसतो. म्हणून नामांकित गाड्या एका प्रवासात दोन, फार तर तीन घ्याव्यात आणि उरलेला प्रवास निःसंकोच साध्या गाडीने करावा. सगळ्याच नामांकित गाड्या जुळवू पाहणाऱ्यांचा अर्धा प्रवास वेळापत्रकाच्या तैनातीत जातो.

तिकिटाची रचना

जपानची राष्ट्रीय रेल्वे 1987 साली विभागली गेली आणि क्यूशूचा कारभार जेआर क्यूशू या कंपनीकडे आला. तेथे विशेष जलद गाडीने जावयाचे असल्यास भाड्याचे दोन भाग पडतात: एक, अंतराप्रमाणे आकारले जाणारे मूळ भाडे; आणि दुसरा, त्या जलद गाडीचा व आसनाचा स्वतंत्र आकार. हे दोन्ही कधी एकाच कागदावर छापलेले असतात, तर कधी दोन निरनिराळी तिकिटे हातात पडतात. अशा वेळी त्यांपैकी एक तिकीट फाजील समजून खिशाच्या तळाशी टाकू नये, कारण तपासणीत दोन्ही दाखवावी लागतात. साध्या गाडीला मात्र केवळ मूळ भाडे पुरते.

हे मूळ भाडे एप्रिल 2025 मध्ये सरासरी 15 टक्क्यांनी वाढले. त्यामुळे त्याआधी छापलेल्या मार्गदर्शिकेतील आकड्यांवर अंदाजपत्रक बेतू नये.

सुइका किंवा सुगोका यांसारखे टेकवून वापरायचे कार्ड शहरात सोयीचे असले तरी त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. क्यूशूत अशा कार्डांची क्षेत्रे तुटक आहेत. फुकुओकाच्या क्षेत्रात आत शिरून कागोशिमाच्या क्षेत्रात बाहेर पडता येत नाही, आणि ग्रामीण मार्गांवरील कित्येक स्थानकांवर कार्ड वाचणारे यंत्रच नसते. जवळ शंभर येनांची नाणी आणि हजाराच्या काही नोटा असू द्याव्यात.

पास घ्यावा की सुटी तिकिटे?

सर्वांत जास्त गोंधळ या एका बाबतीत होतो. त्याचे कारण असे की, पूर्वी जपानला जाणाऱ्या प्रत्येकास देशव्यापी पास डोळे मिटून घ्यावा असे सांगितले जाई आणि ते बरोबरही होते. परंतु सात दिवसांच्या साधारण वर्गाच्या पासाचे मोल ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनांवरून एकदम 50,000 येनांवर गेले आणि तो हिशेब कोलमडला. आज निर्णय करताना पुढील क्रमाने विचार करावा:

- आपण केवळ क्यूशूत फिरणार असाल, तर देशव्यापी पासाचा विचार सोडून द्यावा. जेआर क्यूशूचे स्वतःचे पास संपूर्ण बेटाचा, उत्तर भागाचा आणि दक्षिण भागाचा अशा तीन प्रकारांत मिळतात. उत्तर व दक्षिण यांची सीमा ढोबळमानाने कुमामोतो ते ओइता या आडव्या रेषेवर आहे.
- आपण विमानाने थेट फुकुओकास उतरणार असाल, तर उत्तमच. विमानतळापासून हाकाता हे मुख्य स्थानक भुयारी रेल्वेने पाचएक मिनिटांवर आहे. इतक्या जवळचा विमानतळ मोठ्या शहरांत क्वचितच आढळतो.
- आपण तोक्योहून रेल्वेने येणार असाल, तर शिंकान्सेनला सुमारे पाच तास लागतात, हे जमेस धरून एकेरी विमानतिकिटाशी तुलना करावी.
- आपण जपानमध्ये नोकरी वा शिक्षणानिमित्त वास्तव्य करीत असाल, तर देशव्यापी पास आपल्यासाठी नाही; तो पारपत्रावर अल्पकालीन अभ्यागत असा शिक्का असणाऱ्यांनाच मिळतो. आई-वडील भारतातून आले आणि मुलगा योकोहामाचा रहिवासी, अशा कुटुंबांत पास-वाल्यांनी एका गाडीत आणि मुलाने दुसऱ्या गाडीत बसण्याचे प्रसंग येऊ नयेत म्हणून हा खुलासा. अशा रहिवाशांना 'सेइशुन 18' हे सुटीच्या हंगामात निघणारे तिकीट उपयोगी पडते. 2024 च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन किंवा पाच दिवसांचे व एकट्यापुरते झाले असून तीन दिवसांस 10,000 व पाच दिवसांस 12,050 येन अशी त्याची आकारणी ठरली. मात्र ते केवळ साध्या व जलद गाड्यांना चालते, विशेष जलद गाड्यांना नाही.

आता एक खाचखळगा, ज्यात जाणते प्रवासीही सापडतात. हाकाता ते कोकुरा हा शिंकान्सेनचा टप्पा क्यूशू बेटावर असला तरी त्याची मालकी जेआर पश्चिम या कंपनीची आहे; म्हणून क्यूशूच्या पासावर त्या टप्प्यातील शिंकान्सेनमध्ये बसता येत नाही. त्याच दोन स्थानकांमधील जुन्या मार्गावरील विशेष जलद गाडी मात्र पासावर चालते. तसेच मिनामी-आसो रेल्वेसारख्या स्वतंत्र कंपन्यांच्या मार्गांवर पास लागू होत नाही, आणि पासावर आसन राखून ठेवण्याच्या खेपांनाही मर्यादा आहे. ती संपली की अनारक्षित डबा हाच आधार.

पास विकत घेण्याआधी आपल्या आखलेल्या प्रवासाची सुटी तिकिटे कागदावर मांडून बेरीज करावी. एकाच गावी तीन दिवस राहून आसपास हिंडणाऱ्यास पासाचा काडीचाही लाभ नाही.

आरक्षण : मुक्कामाच्या आधी आसन

आपल्याकडील रीत अशी की आधी विमान, मग हॉटेल, आणि गाडीचे तेथे गेल्यावर बघू. क्यूशूत हा क्रम उलटा करावा. तेथील कित्येक पर्यटनगाड्या केवळ शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी धावतात, काही शुक्रवार ते सोमवार धावतात, आणि रोज धावणाऱ्या गाड्याही दुरुस्तीसाठी मधूनच विश्रांती घेतात. तेव्हा आधी गाडीचा दिवस पाहावा, त्याभोवती मुक्काम बेतावेत.

आसने प्रवासाच्या तारखेच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेप्रमाणे सकाळी दहा वाजता खुली होतात. म्हणजे आपल्या घड्याळात सकाळचे साडेसहा. लोकप्रिय गाडीसाठी त्याच वेळी जागे राहणे इष्ट. एप्रिलअखेरपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची 'सुवर्ण सप्ताहा'ची सुटी, ऑगस्टच्या मध्यास पितरांच्या सणाचा काळ आणि नववर्षाचे दिवस शक्यतो टाळावेत. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच सोयीचा असेल, तर निदान पहिला आठवडा सोडून निघावे.

मार्ग कोणते आणि कोणासाठी?

*आसो : उलट्या चालीचा चढ.* एकच मार्ग पाहता येणार असेल तर तो कुमामोतो ते ओइता हा 148 किलोमीटरांचा होही मार्ग पाहावा, असे आम्ही बिनदिक्कत सांगू. आसो हा ज्वालामुखी म्हणजे एकटे शिखर नव्हे. पुरातन उद्रेकांनी खचून झालेले, दक्षिणोत्तर 25 आणि पूर्वपश्चिम 18 किलोमीटर विस्ताराचे एक प्रचंड विवर आहे. त्याच्या काठांच्या कड्यांच्या आत भातशेती आहे, गावे आहेत, शाळा आहेत, आणि मधोमध अद्याप धुमसणारी शिखरे आहेत. या विवराचा काठ एकाच ठिकाणी, पश्चिमेस तातेनो येथे फुटलेला असून रेल्वे तेथूनच आत शिरते.

तातेनो स्थानक समुद्रसपाटीपासून 277 मीटरांवर आणि विवरातील पुढचे आकामिझु स्थानक 465 मीटरांवर. हा चढ सरळ चढणे अशक्य असल्यामुळे गाडी तातेनोत येऊन थांबते, चालक आपला दांडा व टोपी सावरीत प्रवाशांमधून चालत दुसऱ्या टोकाच्या कक्षात जातो, गाडी उलट दिशेने चढू लागते, डोंगराच्या कुशीत पुन्हा थबकते, चालक पुन्हा चालत परत येतो, आणि मग ती मूळच्या दिशेने विवराच्या आत निघते. चढाचे प्रमाण तीस मीटरांस एक मीटर असे आहे. आपल्या बोरघाटातही 1929 पर्यंत खंडाळ्याजवळ गाडी अशीच उलटी फिरवून चढवीत असत. नव्या बोगद्यांनी ती गरज संपवली, म्हणून आपल्या पणजोबांनी पाहिलेला तो प्रकार पाहण्यास आज आसोला जावे लागते. उलटापालट दोनदा होत असल्याने आपले आसन अखेर पूर्वीच्याच दिशेस तोंड करून राहते. मध्येच जागा बदलण्याची लगबग करू नये.

या मार्गावर 'आसो बॉय' ही मुलांच्या आवडीची गाडी प्रामुख्याने शनिवार-रविवारी धावते. ती न मिळाल्यास 'क्यूशू ओदान' ही आडवे बेट ओलांडणारी विशेष जलद गाडी घ्यावी, आणि तीही न मिळाल्यास साधी गाडी; चढ तिन्हींना तोच आहे. पूर्वेकडे जाताना मधली शिखरे उजव्या हातास आणि काठाचे कडे डाव्या हातास येतात. मियाजीच्या पुढे नामिनो हे 754 मीटर उंचीवरील स्थानक लागते. क्यूशूतील जेआर स्थानकांत ते सर्वांत उंच. मात्र मियाजीच्या पूर्वेस साध्या गाड्या फारच विरळ आहेत, म्हणून तेथे उतरण्यापूर्वी पुढची गाडी केव्हा याची टिपणी हाती असावी.

एप्रिल 2016 च्या कुमामोतो भूकंपात तातेनोजवळचा अख्खा डोंगरउतार कोसळून हा मार्ग तुटला आणि 8 ऑगस्ट 2020 रोजी पुन्हा सुरू झाला. तातेनोहून विवराच्या दक्षिण दरीत ताकामोरीपर्यंत जाणारी 17.7 किलोमीटरांची मिनामी-आसो रेल्वे तर 15 जुलै 2023 पर्यंत संपूर्णपणे खुली होऊ शकली नव्हती. तिच्यावर हंगामात बहुधा सुटीच्या दिवशी उघड्या बाजूंची मंदगती 'ट्रॉली' गाडी सोडतात. शिराकावा नदीच्या खोल घळीवरील पूल ती ओलांडते तेव्हा वाऱ्याने टोपी उडून जाण्याचा संभव खरोखरच असतो.

विवराच्या मुखाशी जाऊन डोकावण्याची इच्छा असल्यास स्थानकावरून बस आहे. परंतु वायूचे प्रमाण वाढले की तो रस्ता तत्काळ बंद करतात. विवर पाहणे हा प्रवासाचा एकमेव हेतू ठेवू नये.

*युफुइन : नाव मोठे, गर्दीही मोठी.* 'युफुइन नो मोरी' ही हिरवी गाडी 1989 पासून हाकाता आणि युफुइन या उष्ण झऱ्यांच्या गावादरम्यान धावत आहे. तिचा मजला उंच, जमीन लाकडी, आणि सर्व आसने राखीव असतात. प्रवास सव्वादोन तासांच्या आसपास. वाटेत बुंगो-मोरी येथे 1934 साली बांधलेली वाफेची इंजिने ठेवण्याची अर्धगोलाकार शेड दिसते, आणि शेवटी 1,583 मीटरांचे युफु शिखर समोर येते. गाडी खरोखरच देखणी आहे; परंतु तिकीट न मिळाल्यास हळहळू नये. त्याच मार्गावर 'युफु' नावाची साधीशी विशेष जलद गाडी आहे, आणि तिच्यात आसन बहुधा मिळते. युफुइनचे काळे लाकडी स्थानक वास्तुविशारद आराता इसोझाकी यांचे आहे. तेथील फलाटावर पाय बुडवून बसण्याचे गरम पाण्याचे कुंड आहे, त्याचा लाभ घ्यावा.

*इबुसुकी आणि दक्षिण टोक.* कागोशिमा-चूओ ते इबुसुकी हा पाऊण-एक तासाचा प्रवास. 'इबुसुकी नो तामातेबाको' ही गाडी समुद्राच्या बाजूने पांढरी आणि डोंगराच्या बाजूने काळी रंगविलेली आहे, आणि दार उघडताच वरून बाष्पाचे लोट सोडते. त्यामागे उराशिमा तारो या कोळ्याची कथा आहे: सागरतळीच्या महालातून मिळालेली पेटी त्याने उघडली, तिच्यातून धूर निघाला आणि तो क्षणात म्हातारा झाला. इबुसुकीत उतरल्यावर तप्त वाळूत स्वतःस पुरून घेण्याचे स्नान आहे.

खरी मौज मात्र इबुसुकीच्या पुढे, निशी-ओयामा या जेआरच्या सर्वांत दक्षिणेकडील स्थानकात आहे. एक फलाट, एक फलक, एक पिवळी टपालपेटी, आणि शेतांपलीकडे 924 मीटरांचा काइमोन पर्वत, इतकाच तो सारा सरंजाम. कर्मचारी नाही, आणि गाड्या दिवसातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. परतीची गाडी आधी ठरवून मगच तेथे उतरावे. ती चुकली तर पुढील काही तास आपण, पर्वत आणि टपालपेटी.

*उरलेले मार्ग थोडक्यात.*

- नागासाकी : हाकाताहून जाताना ताकेओ-ओन्सेन येथे त्याच फलाटावर समोर उभ्या शिंकान्सेनमध्ये बदल करावा लागतो, सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झालेला हा 66 किलोमीटरांचा मार्ग वेगवान खरा, परंतु बव्हंशी बोगद्यांचा. समुद्र पाहावयाचा असेल तर शुक्रवार ते सोमवार व सुटीच्या दिवशी धावणारी 'फुतात्सुबोशी 4047' घ्यावी. ती सकाळी आरिआके समुद्राच्या काठाने नागासाकीस जाते आणि दुपारी ओमुरा उपसागराच्या काठाने परतते. साध्या गाडीने ओमुरा मार्गावरील चिवाता स्थानकास उतरल्यासही समुद्र फलाटाला लागलेलाच आहे.
- मिसुमी : कुमामोतोहून 'ए-ट्रेन' ही जॅझ संगीत व पेयगृह असलेली गाडी शनिवार-रविवारी पाऊण तासात मिसुमीस पोचवते, पुढे आमाकुसा बेटांसाठी नौका आहे. ज्यांना नौका घ्यावयाची नाही त्यांनी हा फेरफटका गाळला तरी चालेल.
- निचिनान किनारा : मियाझाकीहून 'उमिसाची यामासाची' ही देवदारी फळ्यांनी मढविलेली दोन डब्यांची गाडी सुटीच्या दिवशी धावते. तिचे डबे मूळचे ताकाचिहो रेल्वेचे. सप्टेंबर 2005 च्या वादळाने ती रेल्वे उद्ध्वस्त झाली आणि डबे येथे नव्याने उपयोगात आले.

खिडकीची बाजू निवडताना एवढे ध्यानी ठेवावे: इबुसुकीस, निचिनान किनाऱ्याने दक्षिणेस, तसेच फुतात्सुबोशीने सकाळी नागासाकीस व दुपारी परत येताना समुद्र डाव्या हातास असतो, मिसुमीस जाताना उजव्या.

'सेव्हन स्टार्स' ही 2013 पासून धावणारी शयनगाडी अर्ज मागवून सोडतीने प्रवासी निवडते, आणि '36+3' व 'कानपाची-इचिरोकू' या भोजनासह जाणाऱ्या महागड्या गाड्यांना साधारण पास चालत नाही. ज्यांना परवडते त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही.

साध्या गाडीत चढण्या-उतरण्याची रीत

ग्रामीण मार्गांवर चालक हाच तिकीटमास्तर असतो, आणि पहिल्या खेपेस गोंधळ उडतो तो येथेच. एका डब्याची गाडी येऊन उभी राहिली की मागील दाराने आत शिरावे. दाराशीच कमरेएवढ्या उंचीची एक पेटी असते. तिच्यातून तोंड बाहेर काढून बसलेली, क्रमांक छापलेली कागदाची लहानशी चिठ्ठी ओढून घ्यावी. चालकाच्या डोक्यावर पटल असते, त्यावर प्रत्येक क्रमांकाखाली त्या क्षणी लागू असलेले भाडे दाखविलेले असते आणि स्थानके मागे पडत जातात तसतसा आकडा चढत जातो. उतरताना पुढील दारापाशी जाऊन चिठ्ठी आणि तंतोतंत रक्कम चालकाशेजारच्या काचेच्या पेटीत टाकावी.

पेटीला जोडलेले यंत्र हजाराची नोट मोडून देते. दहा हजारांची नोट पुढे केल्यास मात्र चालक, प्रवासी आणि वेळापत्रक तिघांचीही पंचाईत होते. मोड गाडी थांबलेली असताना आधीच करून ठेवावी. पासधारकांनी चालकास पास दाखवावा. निर्मनुष्य स्थानकात उतरण्यासाठी फक्त पहिल्या डब्याचे पुढचे दार उघडते, म्हणून उतरण्यापूर्वी पुढे सरकून बसणे बरे.

जुन्या मार्गदर्शिकांचा भरवसा धरू नये

क्यूशू हे अतिवृष्टीचे बेट आहे. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, आणि त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत तुफानांची धास्ती. युफुइनकडे जाणारा क्यूदाइ मार्ग जुलै 2017 मध्ये पूल वाहून गेल्याने वर्षभर, आणि जुलै 2020 च्या पुरात पुन्हा काही महिने खंडित झाला होता. त्याच 2020 च्या पुरात कुमा नदीने हिसात्सु मार्गाचा यात्सुशिरो ते योशिमात्सु हा 86.8 किलोमीटरांचा भाग उद्ध्वस्त केला आणि त्यानंतर तेथे गाडी धावलेली नाही. जुन्या पुस्तकांत याताके खिंडीतील देखाव्याची आणि त्या मार्गावरील 'इसाबुरो-शिनपेइ' गाडीची मुक्तकंठाने स्तुती आढळते. तिला भुलून त्या मार्गावरील हितोयोशीचे आरक्षण करू नये. 'एसएल हितोयोशी' ही वाफेची गाडीही मार्च 2024 मध्ये निवृत्त झाली.

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिलचे पहिले तीन आठवडे हा काळ सर्वांत निर्धोक. पावसाळ्यातच जाणे भाग असेल, तर डोंगरी मार्गांचा दिवस प्रवासाच्या आरंभी ठेवावा, म्हणजे तो हुकल्यास मागाहून तजवीज करता येते.

पाच दिवसांचा एक आराखडा

- शुक्रवार : हाकाताहून 'युफुइन नो मोरी' किंवा 'युफु'ने युफुइन, तेथेच मुक्काम.
- शनिवार : युफुइनहून ओइता, आणि तेथून होही मार्गाने पश्चिमेस आसो, मुक्काम आसो.
- रविवार : उलट्या चालीचा उतार उतरून तातेनो, मिनामी-आसो रेल्वेने ताकामोरीस जाऊन परत, संध्याकाळी कुमामोतो.
- सोमवार : शिंकान्सेनने कागोशिमा-चूओ, 'तामातेबाको'ने इबुसुकी, मुक्काम इबुसुकी.
- मंगळवार : सकाळच्या साध्या गाडीने निशी-ओयामा, परत कागोशिमा-चूओ, आणि शिंकान्सेनने दीड तासाच्या आसपास हाकाता.

या आराखड्यास संपूर्ण क्यूशूचा पाच दिवसांचा पास जुळतो. फक्त मिनामी-आसोचे भाडे वेगळे द्यावे लागेल. वृद्ध माणसे बरोबर असल्यास रविवारचा ताकामोरीचा फेरा गाळून कुमामोतोच्या किल्ल्यास वेळ द्यावा.

विलंब, फेरफार आणि आपले हक्क

- विशेष जलद गाडी मुक्कामी दोन तास वा त्याहून उशिरा पोचली, तर तिच्या जलद-आकाराची संपूर्ण रक्कम परत मिळते; मूळ भाडे मिळत नाही. ही मागणी उतरल्याबरोबर तिकीट-खिडकीवर करावी आणि तिकीट यंत्रात गिळू देऊ नये.
- गाडीच रद्द झाली, तर न वापरलेल्या तिकिटाचा परतावा कोणत्याही कपातीविना मिळतो.
- पासधारकांस विलंबाची भरपाई मिळत नाही. पास स्वस्त का पडतो, याचे हेही एक कारण आहे.
- खिडकीवर घेतलेले तिकीट गाडी सुटण्यापूर्वी एकवार विनाशुल्क बदलून मिळते. ते रद्द करावयाचे असल्यास राखीव आसनाच्या तिकिटावर दोन दिवस आधीपर्यंत 340 येन, आणि आदल्या दिवसापासून रकमेच्या 30 टक्के कपात होते.
- आपल्या चुकीने गाडी हुकली, तर त्याच दिवशीच्या पुढील विशेष जलद गाडीच्या अनारक्षित डब्यातून जाण्याची मुभा असते. आसन मात्र गेले.
- सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे. सहाच्या आतील दोन मुले प्रत्येक भाडे भरणाऱ्या प्रवाशाबरोबर फुकट. त्यांच्यासाठी स्वतंत्र आसन राखल्यास अर्धे भाडे पडते.
- चाकांच्या खुर्चीतील प्रवाशास कर्मचारी उताराची फळी लावून चढवितात. निर्मनुष्य स्थानकासाठी मात्र आगाऊ सूचना देणे आवश्यक आहे.
- विलंबामुळे पुढील नोंदणी हुकल्यास स्थानकावर विलंबाचा दाखला मागून घ्यावा; विमा कंपनीकडे तो चालतो.

सामान आणि शिदोरी

शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज 160 सेंटिमीटरांहून अधिक असलेल्या सामानासाठी विशिष्ट आसन आधीच राखावे लागते. न राखल्यास 1,000 येन भरावे लागतात. विमान कंपन्यांची सर्वसाधारण मर्यादा 158 सेंटिमीटरांची असल्यामुळे आपली नेहमीची मोठी पेटी या नियमातून बहुधा सुटते. तरीही पर्यटनगाड्यांत सामानाची जागा तुटपुंजी असते. मोठी पेटी हाकाताच्या हॉटेलात ठेवून पाठीवरच्या पिशवीनिशी हिंडावे.

शाकाहारी मंडळींची कसोटी स्थानकावरील डब्यांपाशी लागते, कारण भाजी म्हणून दिसणारे पदार्थही माशांच्या अर्कात शिजविलेले असतात. आंबट आलुबुखार घातलेला भाताचा गोळा त्यातल्या त्यात निर्धोक, तरी वेष्टनावरील घटक भाषांतर-यंत्राने वाचूनच घ्यावेत. दशम्या, कोरडी चटणी आणि मेतकूट बरोबर नेण्यास हरकत नाही. मांस किंवा मांसमिश्रित कोणताही पदार्थ, आणि ताजी फळे, यांस मात्र सीमाशुल्क ठाण्यावर मज्जाव आहे. विशेष जलद गाडीत डबा खाणे शिष्टसंमत आहे, शाळकरी मुलांनी भरलेल्या साध्या गाडीत नाही. कचऱ्याच्या पेट्या स्थानकांतही विरळ असतात, म्हणून एक रिकामी पिशवी जवळ असू द्यावी आणि खरकटे मुक्कामी नेऊनच टाकावे.